सरोजकाकूंचा मतदारसंघ

"कुठल्या वारचा जन्म तुमचा?"

बुकित तिमाहमधल्या आमच्या कॉन्डोच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी मराठी बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्याच दिवशी तिथे राहायला येत होतो आणि खोक्यांच्या मागे जेमतेम दिसत होतो. सिंगापुरात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की "पुण्यात कुठे?" हे ठरलेलं असतं आणि त्यानंतर "नोकरीचा पास कुठला?" हे. वाराची चौकशी कुणी करत नाही. मी चाचरत "शुक्रवार असावा" म्हणालो.

"मग तुम्ही कोफी," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे शुक्रवारचा मुलगा म्हणजे कोफी. मी सरोज म्हेत्रे, तिसऱ्या मजल्यावर. मंगळवारची, म्हणून अबेना. चहा घेऊन जा की ओ, खोकी काय पळून जाताहेत?"

"आमच्याकडे" म्हणजे कुठे, हे मला चहा पिताना कळलं. बोलण्यात सोलापूर होतं, म्हणून मी सोलापूरच धरून चाललो होतो. तेही होतंच. पण काकूंचं खरं "आमच्याकडे" होतं घानामधलं टेमा. म्हेत्रेकाका सोलापूरच्या गिरणीतले स्पिनिंग मास्तर. टेमाच्या कापडगिरणीत त्यांना नोकरी लागली आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत काकू पश्चिम आफ्रिकेत जाऊन पोचल्या. उभा संसार तिथे झाला. मुलगा निखिल तिथे जन्मला, काका तिथेच गेले आणि मग निखिलने आईला सिंगापूरला आणलं. तो पाया लेबार भागात एका बँकेच्या ऑफिसात मॅनेजर आहे, सोमवारचा आहे, म्हणून काकू त्याला रागावल्या की "कोजो" म्हणायच्या. एरवी निख्या.

त्या दिवसापासून मी कोफी झालो तो झालोच. कॉन्डोच्या खालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, त्या मला लांबून "कोफी! कोफी!" अशा हाका मारायच्या आणि मी पोचेपर्यंत दुकानातली आंटी दोन कप कॉफी आणून ठेवायची. काकू त्या परत पाठवत नसत. "आलीच आहे तर घ्या," म्हणायच्या.

काकूंना गप्प बसणं जमत नसे. तळलेल्या केळ्यांच्या स्टॉलवरच्या चिनी अंकलला त्यांनी एकदा आलं आणि तिखट लावून केळी तळायला लावली, टेमाला करतात तशी. अंकल आधी वैतागला, मग त्याने एक खाऊन पाहिलं, मग काकूंना झारा देऊन तो बाजूला जाऊन बसला. नातीने, म्हणजे आठवीतल्या रियाने, हे पाहून कपाळाला हात लावला. "आजी, you cannot just take over people's stall, lah." काकू म्हणाल्या, "अगं, त्यानेच दिला झारा. मी काय मागितला होता?"

पण काकू खऱ्या अर्थाने काय चीज आहेत ते मला घानाच्या निवडणुकीच्या वर्षी समजलं.

तिथे राष्ट्राध्यक्षाची आणि पार्लमेंटची निवडणूक एकाच दिवशी असते. मतदाराला दोन कागद मिळतात. एकावर राष्ट्राध्यक्ष निवडायचा, दुसऱ्यावर आपला खासदार. राष्ट्राध्यक्ष कोण होतो याच्याशी काकूंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता दुसऱ्या कागदात. कारण टेमाजवळच्या एका मतदारसंघातून अकोसुआ उभी होती.

अकोसुआ ही काकूंच्या शेजारणीची मुलगी. आई गिरणीच्या फाटकाशी चवळीभाताची गाडी लावायची, त्यामुळे पोरगी दिवसभर काकूंच्या स्वयंपाकघरात. ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मोठी झाली. "सोलापूर काय नि टेमा काय, शेंगदाण्यावाचून दोघांचं पान हलत नाही," असं काकू सांगायच्या. पुढे ती प्रसूतीची नर्स झाली, मग मोठ्या दवाखान्यात मेट्रन. त्या भागातली अर्धी पोरं तिच्या हातून जगात आली होती.

"मग ती सहज निवडून येईल की," मी म्हणालो.

"बाळांना मत असतं काय?" काकू म्हणाल्या. "आणि आयांचे नवरे वेगळ्याच पक्षाचे."

अडचण ती होती. तो सगळा भाग जांभळ्या झेंड्याच्या पक्षाचा. राष्ट्राध्यक्षाला मत जांभळ्याला, मग खासदारालाही जांभळ्याला, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. अकोसुआ होती पिवळ्या पक्षाची. ती निवडून यायची तर लोकांनी वरचं मत जांभळ्याला आणि खालचं पिवळ्याला द्यायला हवं होतं. घानात याला "स्कर्ट अँड ब्लाउज" म्हणतात. स्कर्ट एका पक्षाचा, ब्लाउज दुसऱ्याचा. हे मला सांगताना काकूंचे डोळे असे काही चमकत होते की ही कल्पना त्यांनीच काढली असावी असं वाटावं. "आपल्या बायकांचं काय होतं सांगू? मॅचिंग सेंटरमध्ये तास घालवतात. रंगाला रंग लागलाच पाहिजे. अहो, ब्लाउज अंगाला नीट बसतोय का ते बघा आधी! मॅचिंग सोडा म्हणावं!"

मग हा त्यांचा प्रचार झाला. संध्याकाळी चार वाजले, म्हणजे टेमाला सकाळचे आठ, की काकू स्विमिंग पूलच्या कडेच्या आरामखुर्चीत बसायच्या आणि व्हॉट्सअॅपवर मतदारसंघ पिंजून काढायच्या. गिरणीतले जुने कामगार, त्यांच्या बायका, बाजारातल्या मासेवाल्या, चर्चमधली गाणारी मंडळी. इंग्रजी आणि तिथली च्वी भाषा अशी मिसळण चालायची, अधूनमधून "एइ!" असा मोठा उद्गार निघायचा आणि पाण्यात पोहणारे दचकून बघायचे. मत द्या असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. गुडघा कसा आहे विचारायच्या, आज काय शिजवलं विचारायच्या, नातवाच्या दहावीचं विचारायच्या. फोन ठेवता ठेवता म्हणायच्या, "तुझ्या लग्नात तू हिरव्या स्कर्टवर लाल ब्लाउज घातला होतास, किती शोभला होता, आठवतं?" एवढंच. समोरच्या बाईला कळायचं ते कळायचं आणि पलीकडून हसण्याचा असा गडगडाट व्हायचा की मला माझ्या खुर्चीत ऐकू यायचा. मी एरवी वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातून सातच्या आत न निघणारा माणूस. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा घरून काम करायला लागलो, ते केवळ या फोनांसाठी.

एकदा मी विचारलं, "काकू, तुमचं स्वतःचं मत असतं तर?"

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "मत मी जन्मात दिलेलं नाही, कोफी. सोलापूर सोडलं तेव्हा मी वीस वर्षांची आणि तेव्हा मताला एकवीस लागायची. घानात मी परदेशी. इथेही परदेशी. इतकी भाषणं ऐकली, इतक्या लोकांना मतदानाला नेलं, रांगेत पाणी वाटलं. माझा अंगठा कोराच आहे." मग लगेच हसून म्हणाल्या, "म्हणून तर ही पोरगी निवडून यायला पाहिजे. माझं सगळं मत साठलेलं तिच्यात घातलंय मी."

त्या दिवसापासून मीही अकोसुआचा कार्यकर्ता झालो. मला मतदार म्हणून घानात कुणीही ओळखत नव्हतं, पण काम भरपूर मिळालं. फोन चार्ज करणं हे मुख्य.

मग ते साडीचं झालं.

आफ्रिकेत कापडाचे जे रंगीत छापील तागे मिळतात ना, ते सहा वार विकत घेण्याची तिथे पद्धत आहे. टेमात पहिल्याच आठवड्यात काकूंना हे कळलं आणि त्या दुकानातच टाळी देऊन हसल्या होत्या. बरोब्बर सहावारी साडी! तेव्हापासून त्या तिथलं कापड साडी म्हणून नेसत आल्या. आणि तिथल्या निवडणुकीत उमेदवार आपला चेहरा छापलेलं कापड काढतात. लोक त्याचे शर्ट शिवतात, स्कर्ट शिवतात, डोक्याला बांधतात. अकोसुआने काकूंना सहा वार पाठवलं. पिवळंधमक. हातभर अंतरावर एकेक गोल, आणि प्रत्येक गोलात अकोसुआ हसतेय.

काकूंनी ती साडी इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमाला नेसायची ठरवली. ब्लाउज शिवला तो जांभळा. म्हणजे वर जांभळा, खाली पिवळं, जशी मतं पडायला हवी होती तशी. निखिलने आईला दारात पाहिलं आणि तो खालीच बसला.

"आई, हे इथे चालत नाही. परदेशी राजकारण इथे करायचं नसतं. माझा पास आहे, माझं घर आहे."

"राजकारण कुठलं रे? माझ्या पोरीचा फोटो आहे. तुझा फोटो असता तर नेसले नसते काय?"

"माझा फोटो साडीवर नको आहे मला."

"कुणी छापायलाच नाही तुझा," काकू म्हणाल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

हॉलमध्ये पोचल्यावर खरा घोळ लक्षात आला. साडी नेसताना काकूंनी निऱ्या सुंदर घातल्या होत्या, त्यामुळे पुढच्या सगळ्या अकोसुआ अर्ध्या अर्ध्या दुमडून एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. पदरावर एक छान मोठी आली होती. पण मागे, बसायच्या नेमक्या जागी, दोन अकोसुआ शेजारी शेजारी हसत होत्या. काकू खुर्चीत टेकायला गेल्या, त्यांना ते आठवलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. "बसू कशी? पोरीच्या तोंडावर बसू? तेही निवडणुकीच्या तोंडावर?"

नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. काकू पूर्ण वेळ हॉलच्या मागच्या भिंतीशी उभ्या. येणारा-जाणारा विचारायचा, काकू, बसा ना. काकू कारण सांगायच्या. कारणात अकोसुआ यायची, अकोसुआत दोन कागद यायचे, दोन कागदांत ब्लाउज यायचा. मध्यंतरापर्यंत गायकाच्या समोर मोजकी माणसं उरली होती आणि मागच्या भिंतीशी ही गर्दी. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी तर मैत्रिणीला हळूच विचारलं म्हणे, की सरोजताईंना रंगांचं काही दिसत नाही का हल्ली. निखिल पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसला होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं. तो बिचारा फोनवर पासचे नियम वाचत होता.

मतदानाचा दिवस शनिवार आला. काकूंनी गणपती अक्षरशः पाण्यात ठेवले. देव पाण्यात घालून बसणं मी आजवर फक्त ऐकलं होतं. इथे रियाच्या सॅलड बोलमध्ये पितळी गणपती गळ्यापर्यंत बुडालेले पाहिले. रिया म्हणाली, "आजी, he'll catch cold." काकू म्हणाल्या, "मग लवकर निकाल लावील."

तिथली मोजणी मतदान केंद्रावरच होते, सगळ्या गावासमोर. अधिकारी एकेक कागद वर धरून दाखवतो आणि जमलेले लोक मोठ्याने आकडा म्हणतात. गिरणीच्या शाळेच्या केंद्रावर मतदान उशिरा संपलं, मध्ये वीज गेली, आणि अकोसुआच्या खालच्या कागदाची पाळी आली तेव्हा तिथे रात्र होती आणि आपल्याकडे पहाट. काकूंनी सगळ्यांना पाचला बोलावलं होतं. दिवाळीच्या पहिल्या दिवशी जमावं तसे आम्ही डोळे चोळत जमलो. तेल लावलेली माणसं नव्हती इतकंच, चकली होती. अकोसुआच्या भावाने फोन वर धरला होता. टीव्हीवर ते चित्र लावलं, तर मोबाईलच्या उजेडात न्हालेलं शाळेचं आवार आणि माणसंच माणसं.

अधिकाऱ्याने कागद उचलला. पिवळा. तिथे आरडाओरडा, "वन!" इथे आरडाओरडा, "एक!" आम्ही काकूंच्या मागोमाग मराठीत मोजत होतो, तिकडे काकूंचा आवाज फोनमधून जात होता, आणि थोड्या वेळाने त्या गर्दीतली दोन-चार पांढऱ्या केसांची माणसं, गिरणीच्या चाळीत काकूंकडे मराठी पाढ्यांवर गणित शिकलेली, "बारा! तेरा! चौदा!" असं ओरडायला लागली. काकू खुर्चीवर चढल्या. सत्तरी गाठलेली बाई, हातात चकली, आणि प्रत्येक पिवळ्या कागदाला एक उडी. दारावर बेल वाजली. कॉन्डोचा सिक्युरिटी अंकल होता, खालून तक्रार आली होती.

"Madam, very noisy, neighbours complain."

"Uncle, shh, we're winning lah!" रियाने त्याला आत ओढलं.

तो दोन मिनिटं टीव्हीकडे बघत राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "Wah. They show everybody, ah?" आणि खुर्ची ओढून बसला. साठच्या पुढे तोही मोजत होता, मराठीत, अर्थातच चुकीचं.

गिरणीच्या केंद्रावर अकोसुआ जिंकली. जिंकली म्हणजे धुऊन काढलं. ज्या केंद्रावर पिवळा झेंडा कुणी लावून घेत नसे, तिथे बायकांनी आणि नवऱ्यांनीही मॅचिंग सोडलं होतं. निखिलने आईला खुर्चीवरून उचललं आणि गोल फिरवलं. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि त्याचे दात काकूंसारखे आहेत हेही पहिल्यांदाच कळलं.

नाश्त्याच्या वेळेपर्यंत बाकीची केंद्रं आली. ती जांभळी होती. एकामागून एक. काकू आकडे ऐकत होत्या आणि सॅलड बोलमधल्या गणपतीकडे बघत नव्हत्या. साडेनऊच्या सुमारास अकोसुआ पडली हे नक्की झालं.

जिला प्रत्यक्ष कधी भेटलोही नव्हतो, त्या बाईसाठी मी खिशात रुमाल शोधत होतो. काकूंनी फोन घेतला. अकोसुआचा चेहरा आला. त्या छापील गोलांमधला नाही, सुजलेल्या डोळ्यांचा, दमलेला. ती "मामा", म्हणजे आई, एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, "जिंकलेल्याला फोन केलास का?"

"नाही."

"आधी त्याला कर. अभिनंदन म्हण. मग मला कर. रडणं तोपर्यंत ठेव राखून."

तिने खरोखर तसं केलं. तेवढ्या वेळात काकूंनी गणपती पाण्यातून काढला, पंच्याने पुसला आणि म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही. मीच उशिरा सुरुवात केली." मग माझ्याकडे वळल्या. "कोफी, टेमाला जायला आक्राचं तिकीट काढता येतं काय फोनवर?"

निखिल म्हणाला, "आई, आता कशाला? निवडणूक संपली. जिंकली असती तर गोष्ट वेगळी होती."

"जिंकली असती तर माझी काय गरज होती रे?" काकू म्हणाल्या. "सगळं गाव तिच्या दारात असतं. आज तिच्या दारात कोण आहे?"

आमच्या दोघांच्या ओळखीत पडलेल्या उमेदवाराच्या घरी कुणीच कधी गेलेलं नव्हतं. मी तिकीट काढलं.

आठवड्याच्या आत आम्ही चांगी विमानतळावर होतो. काकूंच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी एवढी होती की चेक-इनच्या मुलीने वजनकाटा दोनदा पाहिला. निखिलने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकू आधी चिडल्या. "मी काय म्हातारी आहे?" मग व्हीलचेअरला रांग नसते हे कळल्यावर ऐटीत बसल्या. ढकलायला एक मलाय बाई होती. काकूंनी तिला वार विचारला, तिला नाव देऊन टाकलं आणि दोघी पुढे निघाल्या.

"आई, परत कधीचं तिकीट काढू?" निखिलने मागून विचारलं.

काकू वळल्या. "चार वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे की रे! तोवर काय कमी कामं पडलीत?"

निखिलला ते कळायला क्षणभर लागलं. मग तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण माझेही भरले होते आणि कुठेतरी धरायला हवं होतं.

आतल्या दाराशी सहलीला निघालेल्या चिनी आज्यांचा एक घोळका उभा होता, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या लाल टोप्या. त्यांनी व्हीलचेअरला वाट करून दिली, दोन्ही बाजूंनी, अगदी सरळ ओळीत. काकूंना एवढं पुरलं. त्यांनी हात जोडले, डावीकडे वाकून नमस्कार केला, उजवीकडे वाकून केला, आणि मग उघड्या जीपमधून निघालेल्या विजयी उमेदवारासारखा उजवा हात वर करून हलवत राहिल्या. लाल टोप्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. पण एकीने टाळी वाजवली, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. टाळ्यांच्या त्या ओळीतून पडलेल्या उमेदवाराची आई हात हलवत आत गेली, आणि दार बंद झालं तरी टाळ्या चालूच होत्या.